दोनशे माणसांनी ऐकलेली गोष्ट

नर्सचा गणवेश उतरवून सहा वर्षं झाली, तरी ऑफिसात सगळे तिला सिस्टरच म्हणत. त्याआधी सतरा वर्षं तिने एका मोठ्या रुग्णालयात भाजलेल्यांच्या वॉर्डात काढली होती. मग एके दिवशी तिच्या कमरेने चक्क राजीनामा दिला. पेशंट उचलणं बंद, चादरी ओढणं बंद. चाळिशी उलटल्यावर सिस्टरने पुन्हा वह्या-पुस्तकं काढली, समुपदेशनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि फोनवरून, व्हिडिओवरून मनाचे उपचार पुरवणाऱ्या एका कंपनीत लागली. जगणं नकोसं झालेल्या माणसांचे फोन तिच्याकडे यायचे. नवरा म्हणाला, "चला, निदान बसून काम आहे."

बसूनच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पूर्वी गालिच्यांचं गोदाम होतं आणि जुन्या गोंदाचा वास भिंतींतून अजून निघायचा. पुठ्ठ्यासारख्या फळ्या उभ्या करून चौदा खण केलेले. एका खणात तीन पाळ्यांची तीन माणसं बसायची, हेडफोन मात्र एकच. सिस्टर कामावर आली की त्याच्या स्पंजवर आधीच्याच्या कानाचा ओलावा असायचा. वॉर्डात पू बघून जिने कधी नाक मुरडलं नव्हतं, ती इथे रोज पर्समधून स्पिरिटची बाटली काढून तो स्पंज पुसायची आणि तरीही कानाला लावताना अंग चोरायची.

कामाबद्दल तिची तक्रार नव्हती. काम ती मन लावून करायची. "मरून जावंसं वाटतंय का?" हे ती सरळ विचारायची, आढेवेढे न घेता. नवीन मुलींना ती सांगायची, "विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरत नाही गं. ते तिथे असतंच. विचारणारं कुणी भेटत नाही, एवढंच." मग कधीपासून, किती वेळा, आत्ता घरात कोण आहे, हाक मारली तर कोण येईल, हे एकेक करून काढून घ्यायची. माणूस बोलायला लागला की घड्याळाकडे बघायची नाही.

घड्याळाकडे बघणारा दुसरा होता. त्याचं नाव पोरींनी 'मऊसाहेब' ठेवलं होतं. पर्यवेक्षक होता तो. आवाज लोण्यासारखा, चालणं गादीवरून चालल्यासारखं, बोलताना उजवा हात छातीवर. एक फोन बारा मिनिटांत आटोपावा, असा त्याचा नियम होता. फोन संपला की पडद्यावर तीन चौकोन यायचे, लाल, पिवळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे धोका टळला; तो दाबला की भिंतीवरच्या फलकातला आकडा एकाने वाढायचा. फलकावर लिहिलं होतं, 'या महिन्यात आपण वाचवलेले जीव'. एकदा एका बाईने चुकीचा नंबर लागला म्हणून फोन ठेवला, तर तोही जीव वाचला. सिस्टरने ते मऊसाहेबाला दाखवलं. तो मान तिरकी करून म्हणाला, "सिस्टर, सकारात्मक राहायचं." ती आपल्या खणात परतली. नोकरी हवी होती, आणि रोजचे सात-आठ फोन खरे असायचे.

त्यातलाच एक लिफ्टवाला.

चोपन्न वर्षांचा, लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक. त्या कंपनीने कामगारांसाठी हा नंबर घेतला होता आणि कार्डं वाटली होती. त्याने ते कार्ड चार महिने खिशात बाळगलं आणि एका सकाळी अकरा वाजता फोन केला. पहिलं वाक्य होतं, "तुमची ती रेकॉर्ड केलेली बाई फार बोलते." संभाषण प्रशिक्षणासाठी मुद्रित होऊ शकतं, असं सुरुवातीला सांगणाऱ्या बाईबद्दल तो बोलत होता. माणूस तिरसट. प्रश्न विचारला की प्रश्नाचीच चूक काढायचा. सिस्टरला तो पहिल्यापासून आवडला नाही, पण आवडण्यासाठी कुणी फोन करत नाही हे तिला ठाऊक होतं.

तिसऱ्या फोनवर त्याने ते सांगितलं.

त्याची आई नऊ वर्षं आजारी होती. डोक्यातलं सगळं पुसलं गेलेलं, मुलगा कोण तेही कळेना. बायको केव्हाच निघून गेलेली, धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून बेकरी चालवायचा आणि रविवारी येऊन आईच्या डोक्यावरून हात फिरवून जायचा. बाकी सगळं यानेच केलं. भरवलं, धुतलं, उचललं.

"त्या दिवशी दुपारपर्यंत तिने तीनदा कपडे घाण केले," तो म्हणाला. "चौथ्यांदा मी तिला तशीच आत ठेवली, बाहेरून कडी घातली आणि जिन्यात जाऊन बसलो. पडल्याचा आवाज आला. मग हाक मारायला लागली. माझं नाव नव्हती घेत, माझ्या बापाचं घेत होती. मी उठलो नाही. पायऱ्या मोजत बसलो. अर्ध्या तासाने आत गेलो. दोन दिवसांनी दवाखान्यात गेली ती. भावाला सांगितलं, मी सामान आणायला गेलो होतो, तेवढ्यात पडली."

सिस्टर गप्प झाली.

भाजलेल्यांच्या वॉर्डात तिने अशा म्हाताऱ्या पाहिल्या होत्या. पाठीला जखमा, नखांत घाण, आणि शेजारी उभा राहून पाठ केलेली हकिकत सांगणारा मुलगा. त्या मुलांच्या अंगावर धावून जावं असं तिला वाटायचं. आता तसलाच एक तिच्या कानात श्वास घेत होता. तिला त्याची किळस आली. ती काही लपवणारी बाई नव्हती, निदान स्वतःपासून तरी. मग तिने स्वतःला बजावलं, हा माणूस आज मरणाच्या काठावर बसलाय आणि त्याच्या कानाशी दुसरं कुणी नाही. नऊ वर्षं याने एकट्याने ओढली, तेही खरंच. आणि ती म्हणाली, "मी आहे. पुढे सांगा."

तो फोन अठ्ठेचाळीस मिनिटं चालला. मऊसाहेबाची लाल शेऱ्याची चिठ्ठी आली. सिस्टरने ती चुरगाळली आणि बेसिनवर जाऊन साबणाने कान धुतला.

पण त्यानंतर तिने त्याला सोडलं नाही. दर आठवड्याला व्हिडिओवर बोलणं ठेवलं. कंपनीच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाई महिन्यातून एकदा त्याला पडद्यावर बघायच्या, औषधं त्यांनी सुरू केली. त्याच्या परवानगीने सिस्टरने भावाला फोन लावला. औषधांचा डबा भावाकडे गेला, घराची एक किल्लीही भावाकडे गेली. विचार यायला लागले तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, कुठे जाऊन बसायचं, हे लिफ्टवाल्याने स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दाराला लावलं. जिन्याची गोष्ट मात्र भावाला कुणी सांगितली नाही. ती सांगायची की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं होतं. सातव्या महिन्यात तो आठवड्यातून तीन दिवस कामावर जायला लागला.

आणि मग कंपनीचा वार्षिक मेळावा झाला.

एका हॉटेलचं सभागृह, गोल टेबलं, पांढरी कापडं. जे मोठाले कारखाने आणि कंपन्या ही सेवा विकत घेत, त्यांची दोनशे माणसं बोलावलेली. वेटर तबकं घेऊन फिरत होते, काडीला टोचलेलं काहीतरी तळलेलं होतं त्यात. मऊसाहेब व्यासपीठावर चढला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आज मी बोलणार नाही. आज तुम्ही ऐका."

दिवे मंद झाले. मोठ्या स्पीकरमधून एक पुरुषी आवाज आला. मुद्दाम जाड केलेला, विहिरीतून आल्यासारखा. "त्या दिवशी दुपारपर्यंत तिने तीनदा कपडे घाण केले..."

सिस्टरने ग्लास खाली ठेवला.

आवाज बदलला होता, पण माणूस तोच होता. वाक्याच्या शेवटी नाकाने हवा सोडायची खोड तशीच. 'मी लिफ्टची कामं करतो' हेही कुणी कापलं नव्हतं. कडी, जिना, हाका, पायऱ्या, सगळं आलं. टेबलांवर चमचे वाजत होते. मग शांतता आली. स्पीकरमधली शांतता, अकरा सेकंदांची. आणि मग तिचा स्वतःचा आवाज, न बदललेला. "मी आहे. पुढे सांगा."

दिवे लागले. मऊसाहेबाचे डोळे पाणावले होते. "ही शांतता ऐकलीत?" तो म्हणाला. "ही अकरा सेकंदं! याला म्हणतात करुणा. याला म्हणतात कौशल्य. आमची सिस्टर!" त्याने तिच्याकडे हात केला.

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईने डोळे टिपले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि सिस्टरने पाहिलं की तिचेही हात वाजत होते. सगळे वाजवत होते म्हणून वाजत होते. तीनदा, चारदा. मग तिने ते मांडीखाली दाबून धरले.

पलीकडच्या टेबलावर एक गलेलठ्ठ गृहस्थ दातात काडी घालत म्हणाला, "लिफ्टचं काम म्हणाला ना? अहो, आमच्याकडचाच दिसतोय कुणीतरी! उद्या विचारतोच." त्याच्या टेबलावर हशा झाला.

सिस्टर स्वच्छतागृहात गेली. ओकारी यावी म्हणून तिने घशात बोट घातलं, तरी काही पडलं नाही. आरशात न बघता ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मऊसाहेबाच्या काचेच्या खोलीत उभी होती.

"त्याला विचारलं होतंत?"

"सुरुवातीलाच ऐकवतो ना आपण, मुद्रित होईल म्हणून."

"प्रशिक्षणासाठी. लोक जेवताना ऐकण्यासाठी नाही."

"सिस्टर, तुम्ही थकलाय. बसा."

"मी त्याला सांगणार आहे. त्याच्या कंपनीतला माणूस तिथे होता. त्याच्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी माझ्याकडून जायला हवं."

मऊसाहेबाचा हात छातीवरून खाली आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खरा वाटला. "आणि सांगितल्यावर त्याने काही करून घेतलं तर? जबाबदारी कुणाची? मी त्याच्याच भल्यासाठी म्हणतोय."

सिस्टरला सर्वांत जास्त किळस या क्षणी आली, कारण या माणसाचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. आपली कातडी वाचवायला तो लिफ्टवाल्याचा जीव पुढे करत होता आणि तो जीव खरोखरच तेवढा नाजूक होता.

ती बाहेर आली आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. डॉक्टरबाई मेळाव्याला नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक शिवी दिली आणि म्हणाल्या, "सांगा. न सांगता त्याला कामावर कळलं तर आपल्या हातात काहीच राहणार नाही. पण भाऊ घरात असताना सांगा. संध्याकाळी पाचला मी त्याला बघते, वेळ राखून ठेवते."

मग भावाला फोन. "आज दुपारी तुम्ही त्यांच्याकडे जाऊन थांबाल का? आमच्या ऑफिसकडून एक चूक झालीये. ती मला त्यांना सांगायची आहे. ऐकून ते बिथरतील."

"कसली चूक?"

"ते त्यांनाच आधी कळू दे."

भाऊ कुरकुरला, भट्टी कुणावर टाकून येऊ म्हणाला आणि आला.

दुपारी अडीच वाजता सिस्टरने पडद्यावर लिफ्टवाल्याचा चेहरा पाहिला. मागे स्वयंपाकघराचं दार, दाराबाहेर भाऊ पाठमोरा. तिने पाल्हाळ लावलं नाही. काय झालं, कुठे झालं, ते चार वाक्यांत सांगितलं.

तो टेबलाकडे बघायला लागला. मग म्हणाला, "कुठला भाग?"

"जिन्यातला."

"किती माणसं?"

"दोनशे."

"जेवत होती?"

"हो."

"तुम्ही होतात?"

"होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात वाजायला लागले आणि मी लगेच थांबवले नाहीत."

त्याने नाकाने हवा सोडली. "त्या दिवशी तुम्ही गप्प झालात ना, तेव्हाच कळलं होतं मला, तुम्हाला माझी शिसारी आलीये. म्हणून तर पुन्हा फोन केला. म्हटलं, ही बाई तरी खोटं बोलत नाही. 'मी समजू शकते' म्हणाली असतीत तर त्याच दिवशी कार्ड फाडून टाकलं असतं."



"आणि तेच विकलंत तुम्ही," तो म्हणाला.

"मी विकलं नाही. पण माझ्या तोंडचंच होतं, हे खरं. तुम्ही तक्रार करा. मी साक्ष देईन. आता मला एक सांगा, आज जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतंय?"

"आज मनात तुम्हा सगळ्यांचे गळे दाबायचे विचार येतायत."

"ते येऊ देत. दुसरं?"

"दुसऱ्याला जागा नाही," असं म्हणून त्याने पडदा बंद केला.

तिने लगेच भावाला फोन लावला. भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "आत बसलाय. दार उघडं आहे. मी इथेच आहे." पाच वाजता डॉक्टरबाईंनी त्याला पाहिलं. तो त्यांच्याशीही भांडला, पण समोर बसून भांडला. औषधांत थोडा बदल झाला. तीन दिवस रोज डॉक्टरबाईंचा फोन जात राहिला. सिस्टरचा फोन त्याने घेतला नाही.

चौथ्या दिवशी भावाचा फोन आला.

"सांगितलं त्याने मला. जिन्याचं." भावाचा आवाज चिरका झाला होता. "तुम्हाला सात महिने माहीत होतं. मला किल्ली सांभाळायला लावलीत, गोळ्या सांभाळायला लावल्यात, आणि हे पोटात ठेवलंत?"

"हो."

"किळस येते मला तुमची. आणि त्याची तर..."

"आज तुम्ही त्यांच्याकडे जाणार आहात का?"

"मी काय बोलतोय आणि तुम्ही काय विचारताय!"

"जाणार आहात का?"

पलीकडे भट्टीचं लोखंडी दार आदळल्याचा आवाज आला. "जाईन. पण त्याच्याशी बोलणार नाही."

"नका बोलू. नुसते जा."

लिफ्टवाल्याने तक्रार केली. चार पानी, मुद्देसूद, यंत्राच्या बिघाडाचा अहवाल लिहावा तशी. खाली साक्षीदार म्हणून सिस्टरची सही होती. चौकशीला बाहेरचे तीन लोक आले, त्यांनी ध्वनिफीत ऐकायला मागितली, तेव्हा सिस्टर म्हणाली, "अजून तिघांनी ऐकायची गरज नाही. लिहिलेलं वाचा." ते वरमले आणि त्यांनी वाचलं. ध्वनिफीत नष्ट झाल्याचं लेखी मिळालं. माफीचं एक पत्र निघालं, त्यात 'भावना दुखावल्या गेल्या असल्यास' असं लिहिलेलं. ते 'असल्यास' वाचून सिस्टरने कागद टेबलावर पालथा घातला. मऊसाहेबाला त्या खोलीतून हलवलं आणि दुसऱ्या मजल्यावर मोठी खोली दिली. सिस्टरला सांगण्यात आलं की तिच्या फोनची सरासरी एकोणीस मिनिटांवर गेली आहे आणि संस्थेला ते परवडत नाही. तिने त्याच दिवशी स्पिरिटची बाटली पर्समध्ये टाकली आणि जिना उतरली. भिंतीवरचा आकडा तेव्हा साडेपाचशेच्या वर गेला होता.

डॉक्टरबाईही तीन महिन्यांनी निघाल्या. त्यांनी एका सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या आणि दोन टेलिफोन मिळवले आणि सिस्टरला बोलावून घेतलं. पगार कमी, पंखा डुगडुगणारा. ज्याचा फोन आला त्याला शक्यतो आठवड्याच्या आत समोर बोलवायचं, आणि ज्याला येता येत नाही त्याला फोन करत राहायचं. लिफ्टवाला डॉक्टरबाईंकडे तिथे यायचा. सिस्टर बसायची त्या बाजूला तो फिरकत नसे. औषध घ्यायचा आणि मागच्या दाराने जायचा.

असे आठ महिने गेले. एका शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"जिवंत आहे," पलीकडून आवाज आला. "तुम्हाला माफ केलेलं नाही. सांगून ठेवतो."

"बरं."

"त्या सगळ्यांना तर नाहीच."

"नका करू."

त्याचा सूर तोच होता, चूक काढणारा, आणि सिस्टरला तो माणूस अजूनही फारसा आवडत नव्हता. तिने खुर्ची पुढे ओढली.

"विचार येतात का अजून?"

"मंगळवारी आले होते. चांगलेच."

"मग काय केलंत?"

"बेकरीत जाऊन बसलो. भाऊ पीठ मळत होता. बघितलं त्याने, पण बोलला नाही. दोन तास बसलो. मग म्हणाला, मधे बसलायस, बाजूला सरक."

"मग?"

"सरकलो."